आम्ही नाही फुटणार, पण ते?

निवडणूक आली की आपल्याला एकच तंबी मिळते, मतं फुटू देऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये हीच तंबी मी स्वतः दारोदार वाटत फिरलो. मोहल्ल्यातल्या एका चाचींनी विचारलं, "बेटा, आम्ही नाही फुटणार, पण ते?" मी हसलो आणि पुढचं दार वाजवलं. ते हसू आता मलाच टोचतं.

आठवा, २ जुलै २०२३. अजित पवार विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीवरून उठले आणि थेट उपमुख्यमंत्री झाले. राष्ट्रवादी दुभंगली आणि विधानसभेत काँग्रेस सर्वात मोठा विरोधी पक्ष उरला. खुर्ची चालून आली होती, फक्त एक नाव द्यायचं होतं. १७ जुलैला पावसाळी अधिवेशन सुरू झालं, नाव नाही. १९ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, नाव नाही. ३१ जुलैच्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाच्या गोळ्यांनी चौघे गेले. एक त्याचाच वरिष्ठ, बाकी तिघे मुस्लिम प्रवासी. त्या दिवशीही विधानसभेत विरोधी पक्षनेता नव्हता. विजय वडेट्टीवारांच्या नावाची सभागृहात घोषणा झाली ३ ऑगस्टला. ४ ऑगस्टला अधिवेशन संपलं!

दुखणं जुनंच. त्याच फेब्रुवारीत बाळासाहेब थोरातांनी नाना पटोलेंशी जमत नाही म्हणून विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा पाठवला होता. हा गट, तो गट, आणि शेवटचा शब्द दिल्लीचा.

कुणी म्हणेल, परिषदेत अंबादास दानवे होते, विधानसभेतही आमदार बोलत होतेच. होते. पण विरोधी पक्षनेता म्हणजे नुसता मोठ्या आवाजाचा आमदार नव्हे. त्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो. राज्य मानवी हक्क आयोगावर कोण बसणार, हे सुचवणाऱ्या समितीत तो असतो. कोठडीतल्या मारहाणीची तक्रार घेऊन आपली माणसं जातात, तोच आयोग.

मग आला २०२४ चा निकाल. २८८ पैकी ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. दहा टक्के म्हणजे २९, ते एकाही पक्षाकडे नाहीत. मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधवांचं नाव दिलं, तेव्हा हीच दहा टक्क्यांची प्रथा आडवी आली. सत्ताधाऱ्यांचा कोतेपणा आहेच, तो मी झाकत नाही. पण हातात आलेली खुर्ची महिनाभर रिकामी ठेवणाऱ्यांनी तरी तिच्या नावाने गळा काढू नये.

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, मग मतदानालाच जाऊ नका. हे मला मुळीच पटत नाही. मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, एवढे मतदार तर आमच्या एका गल्लीत निघतात. मत द्यायचंच, पण फुकट नाही. दारात येणाऱ्याला विचारा, तुमचा विधिमंडळातला नेता कोण ठरवणार, आमदार की दिल्लीची चिठ्ठी? आणि किती दिवसांत?

चाचींकडे मी पुन्हा जाणार आहे. या वेळी उमेदवाराला सोबत घेऊन. प्रश्न त्याच विचारतील, मी फक्त दार वाजवणार.