पाच गुंठ्यांचा कोबी आणि हक्काचा प्रश्न

शेतीच्या प्रश्नावर आपल्या चळवळीत चर्चा होते तेव्हा ऊस, कापूस, कांदा आणि अलीकडे सोयाबीन एवढीच पिके पुढे येतात. माळव्याचा विषय निघाला की तो बायकांचा, परसातला, किरकोळ विषय म्हणून बाजूला सारला जातो. एखाद्या गावात अल्पभूधारकांनी कोबी-वांगी लावण्याचा उपक्रम हाती घेतला तर ‘ही सुधारणावादी मलमपट्टी आहे, व्यवस्थेला यातून धक्का लागत नाही’ असा शेराही कानी पडतो. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील अनुभव नीट तपासला तर हा शेरा अपुऱ्या माहितीवर आधारलेला आहे, असे म्हणावे लागते. पाच गुंठ्यांतला कोबी ही गोष्ट लहान खरी. परंतु जमीन, पाणी, ज्ञान आणि बाजार या चारही गोष्टींवर कोणाची सत्ता चालते, हे त्या पाच गुंठ्यांत जितके स्वच्छ दिसते तितके मोठमोठ्या ठरावांतही दिसत नाही.

आधी पिकाविषयी. कार्यकर्त्याला पीक कळत नसेल तर शेतकऱ्यापुढे त्याच्या शब्दाला वजन येत नाही. कोबी हे थंडीचे पीक. गड्डा घट्ट भरायला साधारण १५ ते २१ अंश तापमान मानवते. म्हणून मराठवाड्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर बी टाकावे आणि चार-पाच आठवड्यांची रोपे सरी-वरंब्यावर लावावीत. ‘गोल्डन एकर’सारखा हळवा वाण लावणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो. फेब्रुवारीनंतर ऊन तापू लागले की गड्डे पोकळ राहतात. पाच गुंठ्यांना २५ ते ३० ग्रॅम बी पुरते. दीड फूट बाय दीड फूट अंतर ठेवले तर गुंठ्याला सुमारे ४८०, म्हणजे पाच गुंठ्यांत २,४०० रोपे बसतात. चांगले कुजलेले शेणखत आणि पाण्याचा निचरा ही पहिली गरज. युरियाचा मारा केल्याने पाने माजतात, गड्डा मात्र भरत नाही. पाणी नेमाने द्यावे लागते. गड्डा भरल्यावर ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडले की तो तडकतो.

खरी कसोटी किडीची. चौकोनी ठिपक्यांचा पतंग ही कोबीची जुनी वैरीण. तिने डीडीटीला दाद दिली नाही, अशी नोंद १९५३ सालीच जावा बेटावर झाली होती. पुढे एकामागून एक औषधे तिने पचविली. तरीही आपल्या गावातील कृषी सेवा केंद्रातून उधारीवर मिळणारा सल्ला एकच असतो: आणखी एक फवारणी. बी उधार, औषध उधार आणि सल्लाही त्याच दुकानातला, अशा स्थितीत शेतकऱ्याचे ज्ञान म्हणजे दुकानदाराचा नफा होऊन बसतो. यावर उपाय नाही असे नव्हे. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावल्या तर कीड मोहरीकडे ओढली जाते. त्यांपैकी एक ओळ कोबीच्या लावणीआधी १५ दिवस आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी पेरायची. फवारणी करायची ती मुख्यतः मोहरीवर. लहान तुकड्यात ओळींचे हे प्रमाण सांभाळून मोहरी कडेने व मधून घालता येते. उन्हाळ्याच्या अखेरीस वेचून ठेवलेल्या निंबोळ्यांचा पाच टक्के अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी, हे दुसरे साधन. ही दोन्ही साधने स्वस्त आहेत, गावात उपलब्ध आहेत, आणि म्हणूनच त्यांची जाहिरात कोणी करीत नाही.

येथपर्यंतची कथा कोणत्याही शेतीविषयक नियतकालिकातील ‘यशोगाथे’त वाचायला मिळते. आपले काम यशोगाथा जेथे संपते तेथून सुरू होते.

पाच गुंठ्यांचा हिशेब मांडून पाहू. २,४०० रोपांपैकी २,००० गड्डे विक्रीयोग्य निघाले आणि सरासरी वजन पाऊण किलो धरले, तर १५ क्विंटल माल होतो. किलोला ११ रुपये मिळाले तर १६,५०० रुपये आणि २ रुपये मिळाले तर ३,००० रुपये. कष्ट तेच, कोबी तोच, जमीन तीच. फरक केवळ बाजाराचा. जानेवारीत सर्वांचाच माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. कोबी धान्यासारखा कणगीत ठेवता येत नाही. चार दिवस थांबण्याची ताकद शेतकऱ्याकडे नसते, ती व्यापाऱ्याकडे असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात शेजारच्या बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याची पट्टी मिळाली ती खर्च वजा जाता दोन रुपयांची! ही कांद्याची गत, मग कोबीची काय कथा? २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. नियमन गेले, पण त्याच्या जागी भावाची कसलीही हमी आली नाही. मोकळा बाजार म्हणजे ज्याच्या हाती गोदाम आणि वाहन त्याला मोकळीक, एवढाच त्याचा अर्थ उरला.

म्हणूनच धाराशिव जिल्ह्यातील स्त्रियांनी उभ्या केलेल्या ‘एक एकर’ शेतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातील घरबांधणीच्या कामात गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. त्या कामातून वाढलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली, पुढे शेतीच्या प्रश्नाला हात घातला. तुळजापूर तालुक्यातील गोदावरी डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ते काम गावागावांत नेले. स्त्रियांनी घरच्या पुरुषांकडून अर्धा ते एक एकर तुकडा मागून घेतला. त्यात नगदी पिकाऐवजी कडधान्ये, धान्य आणि भाज्या घेतल्या, शेणखत-गांडूळखत वापरले, पाणी बेताने दिले. आधी घरात खायचे आणि उरलेले विकायचे, हा क्रम त्यांनी ठरविला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामास मिळाला.

पुरस्काराहून महत्त्वाची आहे ती या कामातील विचारसरणी. पाच गुंठ्यांचा कोबी एकाच दिवशी लावून टेम्पोभर माल सोलापूर-पुण्याच्या मोठ्या बाजारात पाठविणे हा एक मार्ग. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत लावून, शेजारी मेथी, वांगी, घेवडा घेऊन, कळंब, भूम, उमरग्याच्या आठवडी बाजारात स्वतः विकणे हा दुसरा मार्ग. दुसऱ्या मार्गात पैसा झटपट मोठा दिसत नाही. पण पीक फसले वा भाव पडला तरी घर उपाशी राहत नाही आणि सावकाराच्या दारात जावे लागत नाही. अल्पभूधारकाच्या शेतीतले यश याच मोजमापाने मोजावयास हवे.

परंतु येथेच एक सावधगिरीही हवी. मागून घेतलेली जमीन परतही मागितली जाऊ शकते. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला. तरी सातबाऱ्यावर बाईचे नाव चढविण्याचा प्रसंग आला की सारे नातेवाईक एक होतात. नाव नाही म्हणून कर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाईही नाही. खुरपणी बाईची आणि पट्टी पुरुषाच्या नावाची, ही विषमता कोबी उत्तम आला म्हणून आपोआप नाहीशी होत नाही.

पाण्याचेही तसेच. या जिल्ह्याने १९७२ पाहिले, २०१२-१३ पाहिले, २०१५-१६ पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वर्षभर उभा राहणारा ऊस आणि थंडीतले दोन-तीन महिने बेताचे पाणी पिणारा पाच गुंठे भाजीपाला यांच्यात पाणीवाटपाच्या वेळी कोणाचा शब्द चालतो, हे सांगावयास नको. पावसाचे पाणी बांधबंदिस्ती करून शेतकऱ्याच्या रानातच जिरवावे, असे महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये आग्रहाने मांडले होते. त्या मागणीची धार अद्याप बोथट झालेली नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले, माळव्याच्या वाफ्याला किरकोळ समजू नये. गावातील बैठक तेथूनही सुरू होऊ शकते. दुसरे, स्त्री कसते त्या तुकड्यावर तिचे नाव लागावे यासाठी तलाठ्याच्या कार्यालयापर्यंत तिच्यासोबत जावे. तिसरे, भाजीपाल्यासाठी आधारभूत किमतीची मागणी लावून धरावी. हे अशक्य आहे असे सांगणाऱ्यांना केरळचे उदाहरण द्यावे: तेथील डाव्या आघाडीच्या सरकारने १ नोव्हेंबर २०२० पासून १६ प्रकारच्या फळभाज्या-कंदांना उत्पादनखर्चाहून २० टक्के अधिक अशी आधारभूत किंमत जाहीर केली. त्यात कोबीला किलोमागे ११ रुपये होते. चौथे, शाळा, अंगणवाडी आणि वसतिगृहे यांच्या आहारातील भाजी गावातील बचत गटांकडून ठरलेल्या भावाने घ्यावी, असा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. मुलांच्या ताटात ताजी भाजी आणि आयांच्या हाती हमीचा पैसा, या दोन्ही गोष्टी एकाच ठरावाने साधतात.

उत्तम कोबी कसा पिकवावा हे धाराशिवच्या शेतकरी स्त्रीला शिकविण्याची गरज फार थोडी आहे. ते ती करून दाखवीत आहे. तिने पिकविलेल्या गड्ड्याचा भाव, त्याला लागणारे पाणी आणि तो ज्या मातीत वाढला ती माती तिच्या हक्काची व्हावी, एवढे काम आपल्यासाठी शिल्लक आहे. ते लहान नाही, आणि पुढच्या हंगामावर ढकलण्याजोगेही नाही.