नर्सिंगचे शिक्षण : पुतळ्यापासून खाटेपर्यंत

मे-जून आला की आपल्या मंडळातल्या दोन-तीन घरांतून तरी मला फोन येतो. ‘काका, मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला घालायचं म्हणतोय. कॉलेज कसं आहे? लोन मिळेल का?’ बँकेत असताना मी बरीच वर्षे शैक्षणिक कर्जे पाहिली, म्हणून ही विचारणा. यंदा एक सभासद कॉलेजचे माहितीपत्रकच घेऊन आले. पहिल्या पानावर पांढऱ्या चादरीवर झोपवलेला रबरी पुतळा, भोवती ॲप्रन घातलेल्या मुली आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘अत्याधुनिक सिम्युलेशन लॅब’. रुग्णालयाचे नाव मात्र शेवटच्या पानापर्यंत सापडले नाही. त्या गृहस्थांनी विचारले, ‘पुतळ्यावर शिकून नर्स होता येतं का हो?’ तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर थोडे वाचले, नर्सिंग शिकवणाऱ्या ओळखीच्या दोघीतिघींशी बोललो. त्यातून जे समजले ते इथे मांडतो.

पुतळ्यावर शिकवणे ही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत १९११ साली माणसाएवढी बाहुली आली. ती मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी तयार केली होती, म्हणून तिला ‘मिसेस चेस’ म्हणत. तिला उचलणे, कूस बदलणे, कपडे बदलणे असे सराव मुली करत. पुढे १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रिससी ॲन’ बनवली. आजच्या महागड्या पुतळ्यांची छाती वरखाली होते, नाडी लागते, बीपी मोजता येतो. काचेमागे बसलेली शिक्षिका कॉम्प्युटरवरून त्याची तब्येत बिघडवू शकते आणि माइकवरून ‘सिस्टर, चक्कर येतेय’ असे बोलूही शकते.

पण सिम्युलेशन म्हणजे पुतळा नव्हे, प्रसंग उभा करणे. एक उदाहरण घेऊ. बाळंतपण झाले आहे, बाळ रडले आहे, सगळे आनंदात आहेत आणि बाईचा रक्तस्राव थांबत नाही. पाचशे मिलिलिटरच्या वर रक्त गेले की तो धोका मानतात. कपड्यात आणि चादरीत मुरलेले रक्त डोळ्यांना नेहमी कमी वाटते. अशा वेळी मुलीने मदतीला हाक मारायची, गर्भाशय घट्ट झाले आहे का ते हाताने पाहून चोळायचे, ऑक्सिटोसिन दिले आहे का ते बघायचे, सलाईन लावायचे आणि डॉक्टरांना फोनवर नेमके सांगायचे. दुसरी शिक्षिका घाबरलेल्या सासूबाई होऊन मध्ये मध्ये ओरडत असते. पंधरा मिनिटांत प्रसंग संपतो. मग सगळ्या गोल बसतात आणि खरा धडा सुरू होतो : तुला पहिल्यांदा कधी शंका आली? हाक मारायला उशीर का झाला? फोनवर काय सांगायचे राहिले? ही नंतरची चर्चा सिम्युलेशनचा गाभा आहे, असे शिकवणाऱ्या सगळ्यांचे मत दिसले.

हा प्रसंग मुद्दाम निवडला. २०१८-२० च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू होत होता. आपल्या मध्य प्रदेशात हा आकडा १७३ होता, महाराष्ट्रात ३३. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे एक मोठे कारण आहे. शिकाऊ मुलीच्या ड्यूटीत असा प्रसंग तीन-चार वर्षांत येईलच असे नाही, आणि आलाच तर तिला बाजूला सारून अनुभवी सिस्टर पुढे होतील, ते योग्यही आहे. मग ती पहिल्यांदा शिकणार कधी? नोकरी लागल्यावर, रात्रपाळीला, एकटी असताना? पुतळ्याची गरज इथे आहे. तिथे चुकले तर कोणाचा जीव जात नाही.

आम्हा बँकवाल्यांना हे पटायला वेळ लागत नाही. आमच्या प्रशिक्षण केंद्रात लुटुपुटूची शाखा मांडत. एक जण कॅशियर, एक जण चिडलेला खातेदार, बाकीचे बघे. हसतखेळत चालायचे, पण दिवसाच्या शेवटी प्रत्येकाची चूक फळ्यावर यायची. तरीही खऱ्या काउंटरवर पहिल्या दिवशी रांग पाहून हात कापलाच. सरावाने भीती निम्मी झाली होती, उरलेली निम्मी रांगेनेच घालवली.

मग पुतळा वॉर्डाची जागा किती घेऊ शकतो? अमेरिकेतील राज्यांच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने याचा मोठा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा नर्सिंग अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीसारखे वॉर्डातले शिक्षण, दुसऱ्याचे २५ टक्के आणि तिसऱ्याचे ५० टक्के वॉर्डातले तास सिम्युलेशनने भरले. परवाना परीक्षेच्या निकालात आणि नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांतील कामगिरीत तिन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. ब्रिटनमध्येही आता प्रत्यक्ष कामाच्या २,३०० तासांपैकी ६०० पर्यंत तास असे भरता येतात, त्यासाठी नियामक संस्थेची मंजुरी लागते.

हे आकडे आपल्याकडच्या जाहिरातवाल्यांना फार आवडतील. पण त्यांच्या अटी वाचल्या पाहिजेत. त्या अभ्यासातील शिक्षकांना आधी खास प्रशिक्षण दिले होते, प्रसंगानंतरची चर्चा ठरलेल्या पद्धतीने होत होती आणि उरलेल्या निम्म्या तासांसाठी खरे, चालते रुग्णालय होते.

टांझानियातला अनुभव तर जास्तच बोलका आहे. नवजात बाळाला पहिल्या मिनिटात श्वास घ्यायला मदत कशी करावी, याचे एक दिवसाचे प्रशिक्षण तिथल्या हेडम या ग्रामीण रुग्णालयात दिले. पुतळ्यावर सगळ्यांची कामगिरी सुधारली, पण खऱ्या बाळांच्या बाबतीत कामात फरक पडला नाही. मग पद्धत बदलली. प्रसूतिकक्षाजवळच थोडा थोडा, पण वरचेवर सराव सुरू केला. तेव्हा पहिल्या २४ तासांतील बाळांचे मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. पुतळ्यावर मिळालेले गुण म्हणजे खाटेजवळचे कौशल्य नव्हे. दोन्ही जागा एकमेकींना जोडलेल्या असतील तरच जीव वाचतो.

आता आपल्याकडे पाहू. भारतीय नर्सिंग परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम आणला. आठ सत्रे, क्रेडिट पद्धत आणि त्यात सिम्युलेशनला रीतसर जागा. एका क्रेडिटसाठी वर्गात २० तास, लॅबमध्ये ४० तास आणि वॉर्डात ८० तास, असा हिशेब आहे. म्हणजे लॅब आली तरी परिषदेने वॉर्ड सोडलेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय महाविद्यालयांना लागून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली, त्यासाठी १,५७० कोटी रुपये ठेवले. रुग्णालयाच्या आवारातच कॉलेज, हे त्यातले मला सर्वात पटलेले.

दुसरी बाजू आपण इंदूरकरांनी वर्तमानपत्रांत रोज वाचली आहे. राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची चौकशी उच्च न्यायालयाने सीबीआयकडे दिली. कुठे इमारत नाही, कुठे शिक्षक नाहीत, कुठे रुग्णालय कागदावर. सीबीआयने १६९ महाविद्यालये योग्य ठरवली. मे २०२४ मध्ये पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनाच लाचेच्या प्रकरणात अटक झाली आणि न्यायालयाने त्या १६९ महाविद्यालयांची पुन्हा तपासणी करायला सांगितले. या सगळ्यात परीक्षा रखडल्या आणि हजारो मुलामुलींची वर्षे गेली. त्यांनी काय गुन्हा केला होता?

मी गोदामांचे स्टॉक इन्स्पेक्शन पुष्कळ केले आहे. पुढच्या रांगेत धान्याची पोती, मागे भुशाची, हा जुना खेळ. मागच्या वर्षी एका नातेवाइकाबरोबर एका कॉलेजात गेलो तर लॅबमधला पुतळा कंपनीच्या प्लास्टिकमध्येच गुंडाळलेला होता. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘मुली हात लावून खराब करतात.’ मला ती पोती आठवली. रुग्णालय नसलेल्या कॉलेजला पुतळा ही फार सोयीची वस्तू आहे. तो एकदा विकत घेतला की फोटो निघतो, आणि खाटा, डॉक्टर, औषधे, रुग्ण यांचा रोजचा खर्च नाही.

म्हणून त्या सभासदांना माझे उत्तर असे : पुतळ्यावर शिकून नर्स होता येत नाही, पण पुतळ्यावर न शिकता वॉर्डात पाठवणेही आता योग्य नाही. प्रवेश घेण्याआधी पालकांनी एवढे तरी पाहावे.

१. कॉलेजचे स्वतःचे रुग्णालय कोणते? नियमाप्रमाणे किमान १०० खाटा हव्यात. आधी न कळवता स्वतः जाऊन किती खाटांवर रुग्ण आहेत ते पाहा.

२. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी एकट्याने बोला. पुतळ्याला हात कधी लावला, एका वेळी किती जणी होत्या, हे त्या सांगतील.

३. प्रसंगानंतर चर्चा होते का आणि ती कोण घेते? शिक्षिकेने सिम्युलेशनचे प्रशिक्षण घेतले आहे का?

४. या वर्षीची मान्यता आहे का? कॉलेजने दाखवलेल्या झेरॉक्सवर थांबू नका, परिषदेच्या यादीत नाव पाहा.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही, त्यामुळे ते सहज मिळाल्यासारखे वाटते. पण बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कॉलेज चांगले असे समजू नका. बँक कागद पाहते, वॉर्ड पाहायला जात नाही. तो पालकांनीच पाहायचा आहे. मंडळातल्या कुणाला सोबत हवी असेल तर सांगा. निवृत्त माणसाला वेळ आहे आणि मागची पोती उघडून बघायची सवय अजून गेलेली नाही.