अंड्याचे पैसे वडापाव विकून?

शेतातल्या नोंदी, खडकवासला. फेब्रुवारी २०२५, दुसरा आठवडा.

हरभऱ्याचे घाटे भरत आलेत. पहाटे अजून गारवा आहे, पण दुपारचं ऊन चावायला लागलंय. उन्हाळी भुईमूग ज्यांचा राहिलाय त्यांनी १५ तारखेच्या आत पेरणी उरकावी, उशीर झाला तर शेंगा भरायच्या वेळी पहिला पाऊस गाठतो. आज पिकावर एवढंच. बाकी सगळं शाळेच्या ताटावर लिहायचंय, कारण विषय शेवटी आपल्याच मालाचा आणि आपल्याच पोरांचा आहे.

२८ जानेवारीचा शासन निर्णय बऱ्याच जणांनी वाचला नसेल. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं मिळत होतं. २०२३ च्या नोव्हेंबरात ते सुरू झालं, अंडं न खाणाऱ्या पोरांना केळं होतं. आता सरकार म्हणतंय, अंड्याला आणि खिरीतल्या साखरेला आम्ही वेगळा पैसा देणार नाही. ज्या शाळेला द्यायचं असेल तिनं लोकसहभागातून द्यावं, पैसे शाळा व्यवस्थापन समितीनं उभे करावेत. वर्तमानपत्रांत आकडा आला तो वर्षाला ५० कोटींच्या आसपासचा. एवढ्या मोठ्या राज्याला तो जड झाला, म्हणून तो आपल्या समितीच्या डोक्यावर आला.

समिती म्हणजे कोण? शिक्षण हक्क कायद्यानं त्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे आपणच. रोजानं खुरपायला जाणारी आई आणि दुधाच्या किटल्या घालून आलेला बाप.

आता समिती पैसे कसे उभे करते ते सगळ्यांना माहीत आहे. आनंद मेळावा. पटांगणात टेबलं मांडायची, आयांनी घरून तेल-बेसन आणायचं, कढया चढवायच्या. वडापाव, भेळ, पाणीपुरी, रंगीत सरबत, पाच-पाच रुपयांची कुरकुऱ्याची पाकिटं. पोरं गल्ल्यावर बसतात, फोटो निघतात, संध्याकाळी हिशोब होतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. आया दिवसभर राबतात, तेलाचे पैसेसुद्धा मागत नाहीत. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

पण मंडळी, हिशोब मांडून बघा. १२० पोरांची शाळा धरा. अंडं ७ रुपयांचं धरलं तर आठवड्याला ८४० रुपये. वर्षात ३० आठवडे शाळा भरली तर २५,२०० रुपये. वडापाव १५ रुपयांना विकला आणि त्यात ५ रुपये सुटले, तर तेवढ्या पैशाला ५,०४० वडापाव विकावे लागतात. आणि मेळाव्यात गिऱ्हाईक कोण? तीच १२० पोरं. म्हणजे एका पोरामागं ४२ वडापाव. वर्षाला ३० अंडी मिळावीत म्हणून पोरानं ४२ वडापाव खायचे, आणि २१० रुपयांच्या अंड्यांसाठी त्याच्या बापानं ६३० रुपये मोजायचे. असला आतबट्ट्याचा धंदा आपण बैलबाजारातसुद्धा करत नाही.

दुसरी गंमत बघा. हे सगळं ज्या पटांगणात चालतं तिथं सरकारचाच दुसरा नियम उभा आहे. मे २०१७ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्यानं शाळेच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, केक, शीतपेयं असला माल काढायला सांगितला. २०२० मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं शाळांसाठी वेगळे नियम केले. जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेलं खाणं शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत पोरांना विकायचं नाही. म्हणजे एक खातं म्हणतं पैसे गोळा करा, आणि पैसे गोळा करायची जी एकच रीत गावाला येते तिला दुसरं खातं म्हणतं बंद करा.

यावर काही जण म्हणतील, मग तो नियमच उडवा. मी तसं म्हणत नाही. नियम चांगला आहे. पाच रुपयांच्या पाकिटानं आपल्या पोरांची भूक मारलीय, हे आपण रोज घरात बघतो. जेवायला बसलं की पोरगं म्हणतं पोट भरलंय. नियमात कच्चेपणा आहे तो वेगळा. ‘जास्त’ म्हणजे किती ग्रॅम याची रेघ त्यात नाही. गूळ-शेंगदाण्याची चिक्की गोड आणि तेलकट म्हणून बाद, की प्रथिनं आणि लोह आहे म्हणून पास, हे ज्याच्या हातात शिक्का त्याच्या मनावर. आणि होतं काय, तर फाटकासमोरच्या टपरीवर पाकिटांच्या माळा वर्षभर लटकतात, तिकडं कुणी टेप घेऊन ५० मीटर मोजत नाही. मेळाव्यातल्या कढईवर बोट ठेवणं सोपं असतं, कारण ती बाई वर्षातून एक दिवस समोर असते आणि उलटून बोलत नाही. नियम लावायचाय ना? आधी टपरीला लावा, मग पटांगणात या.

‘एक दिवस खाल्लं तर काय होतंय?’ हा दुसरा प्रश्न. एरवी मीही एवढं ताणलं नसतं. पण यंदा आपल्या भागात काय चाललंय ते बघा. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी आणि आपलं खडकवासला, जानेवारीपासून गुइलेन-बॅरेचे रुग्ण इथंच जास्त निघालेत. संशय पाण्यावर आहे. रुग्णांच्या तपासणीत नोरोव्हायरस आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू सापडलेत. धरणाच्या काठावर राहून आपण पाणी उकळून पितोय. अशा दिवसांत पाणीपुरीचं पाणी कुठलं, चटणी कुठल्या पाण्यात वाटली, भांडी कशात विसळली, हे न विचारता दीडशे पोरांना खाऊ घालणं म्हणजे जुगार. आणि अफवा मात्र कोंबडीवर आणि अंड्यावर. पूर्ण शिजलेल्या मांसानं आणि कडक उकडलेल्या अंड्यानं हा जंतू जात नाही, न उकळलेल्या पाण्यानं आणि कच्च्या-अर्ध्या कच्च्या खाण्यानं जातो. कुक्कुटपालनवाल्या भावांनो, हे तुम्ही आपल्या गावात सांगा, नाहीतर लोक अंडं सोडतील आणि पाणीपुरी धरतील.

तिसरा मुद्दा लोकसहभागाचा. लोकसहभागाला माझा विरोध असायचं कारण नाही. कर्मवीर अण्णांच्या वसतिगृहांसाठी आयाबायांनी घराघरातून मूठ मूठ धान्य दिलं, त्यावर रयतची पोरं शिकली. आपल्याकडच्या कित्येक शाळांच्या खोल्या गावानं दगड-माती वाहून बांधल्या. पण तेव्हा पोराला जेवू घालायचं कायद्यानं कुणावर बंधन नव्हतं. आज आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात शाळेतलं दुपारचं मोफत जेवण हा ६ ते १४ वर्षांच्या पोराचा हक्क आहे. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं कायद्याच्या अनुसूचीतच लिहिलंय. एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे लहान पोराच्या त्या जेवणातला निम्मा वाटा. आणि अन्न शिजवायच्या साहित्याला पहिली ते पाचवीच्या पोरामागं २०२५ च्या सुरुवातीला दिवसाला मिळत होते ६ रुपये १९ पैसे. यात डाळ, तेल, भाजी, मसाला बसवायचा. त्यातून अंडं काढून दाखवा म्हणावं.

सरकार म्हणतं अंडं ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे काय, तर ज्याच्याकडं आहे त्याची इच्छा. सिंहगड रस्त्याकडच्या शाळेला कुणी बिल्डर, कुणी प्लॉटवाला पेट्या पाठवील. पानशेतच्या वरच्या अंगाला वाडीवर वीस पोरांची शाळा आहे, निम्मी पोरं कातकऱ्यांची, तिथं लोकसहभाग कुणाचा घ्यायचा? ज्या पोराला अंड्याची गरज सगळ्यात जास्त, त्याच्याच ताटातून ते पहिलं जाणार.

म्हणून पहिली मागणी सरळ आहे: अंड्याचे आणि खिरीचे पैसे सरकारनं द्यावेत. शाळा व्यवस्थापन समित्यांनी तसा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्याकडं, महापालिकेच्या हद्दीत असाल तर तिथल्या शिक्षण विभागाकडं पाठवावा. एका शाळेचा ठराव फायलीत जातो. तालुक्यातल्या सगळ्यांचा गेला तर उत्तर द्यावं लागतं.

पण पैसे येईपर्यंत पोरं थांबत नाहीत. तोवर गोळा करायचेच असतील, तर गिऱ्हाईक बदला आणि माल बदला.

गिऱ्हाईक शाळेत नाही, चौपाटीवर आहे. रविवारी धरणावर पुण्याहून गाड्यांची रांग लागते. ती माणसं कणसाला आणि भज्याला पैसे मोजतात, तर आपल्या हरभऱ्याच्या जुडीला, ओल्या तुरीच्या शेंगांना, पेरूला, चिंचेला, इंद्रायणी तांदळाच्या किलोच्या पिशवीलाही मोजतील. समितीनं परवानगी काढून महिन्यातून एक रविवार टेबल मांडावं, वर पाटी: ‘शाळेच्या अंड्यांसाठी’. पैसा मोठ्या माणसांच्या खिशातून येईल, पोरांच्या पोटातून नाही.

यात कायद्याचीही सोय आहे, ती बऱ्याच जणांना ठाऊक नाही. शेतकऱ्यानं स्वतः पिकवलेला कच्चा माल स्वतः विकला तर अन्न सुरक्षा कायदा त्याला लागू होत नाही, कलम १८ मध्ये तसं स्पष्ट आहे. भाजलं, तळलं, शिजवलं की मात्र नोंदणी लागते. २०२५ च्या सुरुवातीला वर्षाला १२ लाखांच्या आतल्या लहान धंद्याला ती नोंदणी १०० रुपयांत होत होती, आणि तात्पुरता स्टॉलही त्याच व्याख्येत येतो. बचत गटाच्या बायांनी ती काढून ठेवावी. उद्या कुणी दटावलं तर कागद पुढं करता येतो.

‘मेळाव्यातनं पोरांना व्यवहार कळतो’ म्हणता ना? मग कळू द्या की. पेरूचा तोल करू द्या, शेंगांचं माप घालू द्या, पाचशेची मोड देऊ द्या. वडापावात असा कुठला व्यवहार शिकतात जो पेरूत शिकता येत नाही? पुढच्या हिवाळ्यात गूळभेंडीचा हुरडा लावा, तो भाजायला आणि विकायला दोन्हीला पोरं तयार होतील. कृषी सहायक मंडळींनी इथं हात लावावा: शेंगदाणा विकायचा तर नीट वाळवून, बुरशीचा दाणा निवडून काढून. अफ्लाटॉक्सिन डोळ्याला दिसत नाही आणि पोराच्या यकृतावर जातं. शाळेच्या नावानं जाणारा माल तुमच्या नजरेखालून गेला पाहिजे.

आणि ज्यांना काहीच विकायला जमत नाही त्यांनी वाढदिवसाचा केक आणू नये, त्या पैशात वर्गाला एक दिवस उकडलेली अंडी द्यावीत, न खाणाऱ्यांना केळी. तेवढा लोकसहभाग कुठल्या नियमात अडकत नाही.

मात्र एक ध्यानात ठेवा. आपण चौपाटीवर टेबल मांडलं म्हणजे सरकार सुटलं असं होऊ देऊ नका. टेबलाच्या कोपऱ्यावर ठरावाची प्रत आणि सह्यांची वही असू द्या. पेरू घेणाऱ्या माणसाला विचारा, पोराच्या अंड्याला राज्याकडं पैसा नाही, हे तुम्हाला पटतं का? नसेल पटत तर सही करा.

तुमच्या शाळेच्या मेळाव्यात यंदा काय काय विकलं, किती जमलं आणि त्याचं काय केलं, ते आकड्यांसह लिहा. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचा तक्ता करून इथंच टाकतो.