कार्ड कढईत भाजायचं का?

दोस्तांनो, या आठवड्याचं पत्र आलंय तामलवाडीहून. सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत लागतं ना, तेच गाव. कोजागिरीला पायी निघालेले भाविक याच रस्त्यानं जातात. आपली नववीतली मैत्रीण लिहिते, "बाबांनी जुना कॉम्प्युटर आणला. आता पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच! दुकानदार म्हणतात, ग्राफिक्स कार्ड गेलं, नवं घ्या. बाबा म्हणतात, त्यापेक्षा विकून टाकू. एका व्हिडिओत कार्ड ओव्हनमध्ये भाजून चालू केलेलं पाहिलं. आई कढईत मीठ घालून नानकटाई भाजते, तसं भाजू का?"

अगं थांब! कढई आधी आईला परत दे.

कार्डावरचे भाग डाखानं, म्हणजे सोल्डरनं, जोडलेले असतात. शिशाचा जुना डाख १८३ अंशांना वितळतो, शिशाविना केलेला साधारण २१७ला. कढईत किती अंश झाले ते कळणार कसं? प्लॅस्टिक वितळेल, कपॅसिटर फुटतील, विषारी धूर होईल नि तो नानकटाईच्या भांड्यात बसेल. मग व्हिडिओतलं कार्ड चालू कसं झालं? बऱ्याचदा चिपच्या आतला बारीक सांधा तुटलेला असतो. तापल्यावर तो तात्पुरता टेकतो आणि काही दिवसांनी पुन्हा सुटतो. असे सांधे मोठ्या कारखान्यांनाही चुकलेत बरं का! २००८ साली एनव्हिडिया कंपनीनं लॅपटॉपच्या सदोष चिपांपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते.

आता कामाचं. बाबांना सोबत घे. आधी मॉनिटरची वायर दुसऱ्या यंत्राला लावून पाहा. दोष तिचाच असला तर पुढचा खटाटोप वाचला. मग बटण बंद, प्लग भिंतीतून बाहेर, आणि यंत्राचं बटण एकदा दाबून धर, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव. अंगावरची स्थिर वीज तिथं उतरते. मागचा स्क्रू काढ, खाचेच्या टोकाची चिमुकली कडी दाब नि कार्ड सरळ वर उचल. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या दिसतील. त्यांवर खरंच सोन्याचा पातळ मुलामा असतो! सोनं गंजत नाही, पण महामार्गाची धूळ आणि बोटांचं तेल त्यावर बसतं. पेन्सिलचं मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरव. पॉलिशपेपर नको, मुलामाच निघून जाईल. खोडरबराचा भुगा खाचेत पडू देऊ नकोस. पंख्यातली धूळ कोरड्या रंगाच्या ब्रशनं काढ. कार्ड परत बसवताना कडी 'टक्' वाजली पाहिजे. त्याला वेगळी विजेची वायर असेल तर तीही घट्ट लाव. माझ्या एका मित्राचं 'मेलेलं' कार्ड एवढ्यावरच उठून बसलं होतं!

रॅमची पट्टीही तशीच पुसून बघ. कार्डाचं नाव होतं, पण पुष्कळदा गुन्हेगार तीच असते.

तरीही पडदा काळाच? मग कार्ड काढून ठेव आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डवरच्या खाचेत लाव. प्रोसेसरमध्येच चित्र काढायची सोय असली तर पडदा उजळेल. खेळ धावणार नाहीत, पण अभ्यास, टायपिंग नि फॉर्म भरणं होईल. डोकं फुगलेले कपॅसिटर दिसले तर मात्र तू डाख देत बसू नकोस. सोलापूरला जाणकाराकडे ने आणि काय काय करून पाहिलंस ते त्याला क्रमानं सांग.

आणि हो, विकायच्या आधी बाबांना हे पान वाचायला दे.