रेषा यंत्राच्या, विवेक माणसाचा

बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतून ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न गंभीरपणे चर्चिला जातो. गेली पंचवीस वर्षे त्याचे उत्तर जवळपास ठरलेले होते : संगणक शाखा. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६ हजार कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर कार्यक्रम मंजूर केल्यापासून त्यात ‘चिप’ या शब्दाची भर पडली आहे. मात्र ती चिप ज्या हिरव्या पाटीवर बसते, त्या पीसीबीचा, म्हणजेच प्रिंटेड सर्किट बोर्डचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. उलट, या क्षेत्रातील तरुणांच्या मनात एक भय घर करू लागले आहे. हे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करणार, मग आपले काय?

हे भय हसण्यावारी नेणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. परिपथाचा नकाशा हाती घ्यायचा, सुटे भाग मांडायचे आणि तांब्याच्या रेषांनी ते जोडायचे, एवढ्यापुरतेच ज्याचे ज्ञान मर्यादित आहे, त्याचे काम खरोखरच धोक्यात आहे. साध्या पाटीवरील रेषा आपोआप ओढणारी साधने काही दशकांपासून आहेतच. आता ती अधिक चतुर होत आहेत.

परंतु या व्यवसायावर असा प्रसंग प्रथमच आलेला नाही. व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आयस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील परिपथाचा रेडिओ तयार केला, तेव्हापासून या विद्येची साधने सतत पालटत आली आहेत. एकेकाळी पारदर्शक फिल्मवर काळ्या चिकटपट्ट्या लावून हे आराखडे होत. पुढे संगणक आला. ज्यांना केवळ पट्टी चिकटवता येत होती, त्यांचे कौशल्य निरुपयोगी झाले. ज्यांना परिपथ कळत होता, त्यांच्या हाती अधिक समर्थ साधन आले. आजही नेमका हाच भेद निर्णायक ठरणार आहे.

पाटीवरील रेषा ही केवळ जोडणारी तार नव्हे. नित्याच्या फायबरग्लास पाटीवर विद्युत-संकेत एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशात, सुमारे १५ सेंटिमीटर अंतर कापतो. त्यामुळे वेगवान स्मृती-चिपकडे जाणाऱ्या रेषांची लांबी जुळवावी लागते. संकेत परत येण्याची वाट खालच्या थरात तुटली, तर उपकरण रेडिओलहरींचा गोंगाट करू लागते. विजेवरच्या दुचाकीतील नियंत्रकाला प्रचंड प्रवाह, उष्णता, धूळ आणि खड्ड्यांचे हादरे यांतून वर्षानुवर्षे टिकायचे असते. नियम सांगितले तर यंत्र ते पाळील. पण कोणता नियम कोठे लावायचा, खर्च कोठे वाचवायचा आणि कोठे कदापि वाचवायचा नाही, हा विवेक ज्याने जळलेली पाटी हातात घेऊन तिचे कारण शोधले आहे, त्याच्याच ठायी असतो.

या प्रश्नाला राष्ट्रीय हिताचीही बाजू आहे. जगातील निम्म्याहून अधिक पीसीबी आज चीनमध्ये तयार होतात. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक घटकांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. बहुस्तरीय पाट्यांचा समावेश तीत आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि, आराखडा परक्याचा आणि छपाई आपली, असे झाले तर आपल्या वाट्याला केवळ मजुरी येईल. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ महासंगणक उभारला, तेव्हा त्यातील ट्रान्सप्युटर चिप ब्रिटिश बनावटीच्या होत्या. पण त्या एकत्र राबवणाऱ्या यंत्रणेची रचना आपली होती. म्हणूनच त्या यंत्राला आपण अभिमानाने स्वदेशी म्हणतो. आराखडा ज्याचा, वस्तू त्याची!

मग तरुणांनी काय करावे? केवळ एखादे सॉफ्टवेअर चालवण्याचे प्रमाणपत्र मिळवून थांबू नये. विद्युतचुंबकीय सिद्धांत, उष्णतेचे वहन आणि कारखान्यातील निर्मितीप्रक्रिया यांचा कसून अभ्यास करावा. फ्रान्समध्ये १९९२ साली सुरू झालेले ‘कायकॅड’ हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. सांगलीच्या वा जळगावच्या विद्यार्थ्यालाही शुल्काची अडचण नाही. एक लहानशी पाटी स्वतः आखावी, बनवून घ्यावी, स्वहस्ते सोल्डर करावी आणि ती का चालली नाही, हे ऑसिलोस्कोपवर शोधावे. असा एक अनुभव दहा प्रमाणपत्रांच्या तोडीचा आहे.

पालकांनाही एक विनंती. पहिल्या वर्षाच्या पगाराची तुलना शेजारच्या संगणक अभियंत्याशी करून मुलाचा उत्साह मोडू नका. ही विद्या हळूहळू मुरणारी आहे. उद्योजकांनीही नवख्या अभियंत्याला केवळ रेषा ओढणारा कारागीर न मानता त्याला चाचणीच्या मेजापर्यंत आणि कारखान्यापर्यंत नेले पाहिजे. नवशिक्यांची सोपी कामे यंत्राने घेतली, तर उद्याचे जाणकार घडणार कोठे? त्यांना घडवण्याची जबाबदारी आता जाणीवपूर्वक उचलावी लागेल. ती आज टाळली, तर दहा वर्षांनी कारखाने आपले असतील, पण त्यांत काय बनवायचे हे मात्र इतर कोणी ठरवीत असेल.