माल आहे, गिऱ्हाईक कुठे?

हैदराबादच्या विद्यानगर या भागाचे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेले नसेल. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या छायेत वाढलेली ही वस्ती. लोकल गाड्यांचे तिथे एक स्टेशन आहे आणि दुर्गाबाई देशमुखांचे नाव धारण करणारे रुग्णालयही आहे. दुर्गाबाईंचे पती चिंतामणराव देशमुख हे आपल्याच किनारपट्टीचे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले आणि १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेलेले. या दांपत्याचे अखेरचे वास्तव्य हैदराबादेत होते. आज मात्र आम्हांला लिहावयाचे आहे ते या थोरांविषयी नव्हे, तर तिथल्या रस्त्यांवर संध्याकाळी गजबजणाऱ्या एका अगदी लहान धंद्याविषयी.

या धंद्याला तिकडे 'करी पॉईंट' म्हणतात. दाराएवढ्या रुंदीचे दुकान, पुढे मांडलेली डाळ, सांबार, रसम, दोनतीन भाज्या आणि एखादी चटणी यांची पातेली. बसावयास टेबल नाही, खुर्ची नाही आणि जेवणाचे ताटही नाही. गिऱ्हाईक येते, हवी ती भाजी लहानशा पिशवीत बांधून घेते आणि खोलीवर जाते. भात त्याने घरी कुकरमध्ये लावलेलाच असतो. विद्यापीठाच्या आसऱ्याने खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी आणि दोघेही नोकरी करणारी जोडपी यांच्यावर हा धंदा उभा आहे. भात शिजवणे कोणालाही जमते. खरा त्रास आहे तो भाजी चिरण्याचा, वाटण करण्याचा आणि फोडणीचा. तेवढाच त्रास या दुकानदाराने आपल्या अंगावर घेतला आणि तेवढ्याचेच पैसे मागितले. ज्याला पहिली दुकाने सुचली, त्याने बाजारपेठेच्या शास्त्राचा एखादा ग्रंथ वाचला असेल असे आम्हांला वाटत नाही. त्याने गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात नजर टाकली, इतकेच.

ही नजर आपल्याकडे कमी पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या राज्यात माल नाही असे कोण म्हणेल? कोकमाचे आगळ, काजू, फणसाचे साठ, आंब्याचे लोणचे, नाचणीचे पदार्थ, चतुर्थीच्या नेवऱ्या आणि लाडू, सगळे काही आहे आणि चवीला उत्तम आहे. काजू फेणीला २००९ साली आणि कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने बाटली आपोआप फडताळातून उतरत नाही. बचत गटाच्या भगिनी सरकारी प्रदर्शनात तीन दिवस मांडव घालून बसतात. मंत्रिमहोदय येऊन एक लाडू तोंडात टाकतात, छायाचित्र निघते (ते आम्हीही छापतो), आणि चौथ्या दिवशी उरलेला माल टेम्पोत भरून पुन्हा गावी जातो. पुढचे प्रदर्शन येईपर्यंत विक्री बंद. यात कोणाची चूक आहे हे शोधण्यापेक्षा काय करता येईल, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट ही की, माल आधी तयार करून मग गिऱ्हाईक शोधण्याची आपली पद्धत उलटी करावयास हवी. पावसाळ्यापूर्वी पुरुमेंत भरण्याची आपल्या घरांची जुनी रीत आहे. मिरची, कोकम, सुके मासे, कडधान्ये यांची मे महिन्यात धावपळ होते. ज्या घरात आता दोनच माणसे उरली आहेत, त्यांना पायलीच्या मापाने मिरची नको, पावशेराची पाकिटे हवीत. ती कोण देतो? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या बाईने आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांस 'किती लागते?' असा एकच प्रश्न विचारला आणि उत्तरे वहीत टिपून ठेवली, तर पुढील हंगामाचा अर्धा हिशेब तिच्या हाती येईल. नाव आणि फोन क्रमांक त्या वहीत असला की प्रदर्शनाची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. आज प्रत्येक हाती फोन आहे, त्यावरून पैसेही येतात. नवा माल तयार झाल्याची चार ओळींची खबर धाडण्यास खर्च तो किती? मात्र रोज सकाळी फुलांची चित्रे पाठवून गिऱ्हाइकास बेजार करू नये.

दुसरी गोष्ट प्रचीतीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. तरी ते खचले नाहीत. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० साली कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. ही कारखान्याची जाहिरात होती हे खरे. पण वाचकास उपयोगी पडेल असे त्यात काही असे, म्हणून त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. लोणच्याच्या बरणीसोबत त्या लोणच्याचे तीन उपयोग सांगणारी चिठ्ठी ठेवणे, हा त्याच मार्गावरचा लहानसा उपाय आहे. आगळ परराज्यात विकावयाचे तर सोलकढी कशी करावी, हे आधी शिकवावेच लागेल.

चव बदलता कामा नये, हेही तितकेच महत्त्वाचे. १९५९ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले, त्यातून लिज्जत उभे राहिले. आरंभी दोन प्रतींचे पापड होते. हलकी प्रत बंद करून एकच उत्तम प्रत ठेवा, असा सल्ला छगनलाल पारेख यांनी दिला आणि तो मानला गेला. आपल्याकडे मात्र 'घरगुती' या शब्दाचा आधार घेऊन या महिन्याची चव त्या महिन्यात नसते. पाकिटावर वजन नसते, तारीख नसते, कधी पत्ताही नसतो. कायद्याने ही माहिती आणि अन्न परवान्याचा क्रमांक छापणे आवश्यक आहेच. पण कायदा नसता तरी ज्याला दुसऱ्यांदा विकावयाचे आहे त्याने पत्ता छापलाच असता.

आता किमतीचा प्रश्न, कारण आमच्या मते सर्वांत अधिक नुकसान इथेच होते. एक बरणी एकशेवीस रुपयांना विकली जाते असे धरू. कच्चा माल साठ, बरणी व चिठ्ठी पंधरा, नासाडी पाच, असे ऐंशी गेले. दुकानदाराने चौथा हिस्सा, म्हणजे तीस घेतले. उरले दहा. सण आला म्हणून दहा टक्के सूट दिली की किंमत एकशेआठ, दुकानदाराचे सत्तावीस आणि उरला एक रुपया. त्या एका रुपयात फोडी चिरणारीची, मसाला भाजणारीची आणि उन्हात बरण्या वाळवणारीची मजुरी. ती कोणी मोजलेलीच नसते, कारण ती घरचीच बाई असते. असे उद्योग 'चालतात' ते तिच्या फुकट श्रमांवर, आणि तिचे हात थकले की बंद पडतात. म्हणून मजुरी प्रथम मांडावी, मग किंमत ठरवावी. आणि त्या किमतीस माल उचलला जात नसेल तर पदार्थ बदलावा, मजुरी पुसू नये. उधारीचेही तेच. गावातल्या ओळखीच्या दुकानात तीन महिने अडकलेले पैसे हे त्या दुकानदारास दिलेले बिनव्याजी कर्जच होय.

जाहिरातीवर किती खर्च करावा, असे विचारणारे उद्योजक आमच्याकडेही येतात. आमच्या जाहिरात विभागास हे रुचणार नाही, तरीही सांगतो. ज्याचा माल महिन्याला पन्नास बरण्यांचा आहे, त्याने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊ नये. त्या पैशांत शंभर घरी नमुन्याची पुडी पाठवावी.

सरकारकडून आम्ही एकच अपेक्षा करतो. यंत्रांसाठी अनुदाने पुष्कळ झाली. प्रदर्शन संपल्यावर प्रत्येक गटाकडून किती विकले, कोणी घेतले आणि पुन्हा कोणी मागितले, या तीन प्रश्नांची उत्तरे संबंधित खात्याने लिहून घ्यावीत. पुढील चतुर्थीचे मांडव उभारण्यापूर्वी ती उत्तरे प्रसिद्ध करावीत. आम्ही ती विनामूल्य छापू.