९९ टक्के

शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. फरक असा की मारलेला मोहरा इथे बाद होत नाही, मारणारा तो आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवतो! त्यामुळे शेवटपर्यंत कशाचीच खात्री नसते.

११ ऑक्टोबर २०२३, क्योतो. ‘ओझा’ (आडनाव नव्हे, किताब!) स्पर्धेचा चौथा डाव. किताब नागासे ताकुयाकडे. समोर २१ वर्षांचा फुजिई सोता, सात किताब खिशात, हाच आठवा आणि शेवटचा बाकी. प्रत्येकी ५ तास संपत आले. नागासे जिंकत होता, कॉम्प्युटर त्याला ९९ टक्के देत होता. पण त्याच्याकडे एका चालीला एकच मिनिट उरलं होतं. १२३व्या चालीला ‘गोल्ड’ योग्य घरात ठेवायचा, तर त्याने बढती मिळालेला उंट हलवला. आकडा उलटला. नागासेने स्वतःचे केस विस्कटले... १३८ चालींत फुजिई जिंकला.

आम्ही रूमवर हा डाव पाहिला तेव्हा म्हणालो, “एवढं सोपं दिसलं नाही?” अरे, आपल्याला तरी कुठे दिसलं? स्क्रीनने दाखवलं! जिंकणारी चाल आहे एवढंच तो आकडा सांगतो. ती एका मिनिटात शोधणं किती कठीण, ते सांगत नाही.

शोगीत डाव संपला की दोघे त्याच पटावर बसून चाली पुन्हा तपासतात. आपण पेपरनंतर उत्तरं बघतो आणि ‘सिली मिस्टेक’ म्हणून मोकळे होतो. त्यापेक्षा ‘तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं?’ हे विचारूया. माझ्या मते खरं विश्लेषण तेच.